इवायाच्या पांदणीत चार चकरा

अमरावती,
सोमवार, दुपार

खुशालराव इवाई यांना मोतीरामचा रामराम.

तीर्थरूप लिहावं तर वयानं आपण सारखे, प्रिय लिहावं तर लग्नापासून या चौदा महिन्यांत आपल्यात तसं काही घडलं नाही, म्हणून नुसताच रामराम लिहिला, तो गोड मानून घ्यावा. इकडं मी अन् वच्छला, दोघं बरे आहो. तुमच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या आठवड्यात झालं असं समजलं. पट्टी निघेपर्यंत खाली वाकू नका, डोक्यावरून पाणी घेऊ नका अन् ढोरांच्या जवळ जाऊ नका, शेपटीचा काही भरवसा नसते. इहीणबाई शकुनबाईंच्या गुडघ्यांना आराम असावा. माही पोरगी पौर्णिमा, म्हणजे तुमची सून, सातव्यात आहे. तिच्या तब्येतीचं विचारत नाही, कारण डोळ्यावर पट्टी असल्यानं हे पत्र तीच तुमाले वाचून दाखवत असन, अन् तिचा आवाज कसा आहे हे तुमीच आयकून राहिले. (पौर्णिमा, जिथं मी असा कंस टाकला तिथं मोठ्यानं वाचू नको. मनात वाच अन् पुढं जा. अन् वाचता वाचता थांबू नको, त्याईले समजते.)

पत्र काहून लिहून राहिलो म्हणाल, तर फोन तुमी उचलत नाही. व्हॉट्सअॅपवर दिवाळीचा, संक्रांतीचा, पोळ्याचा निरोप टाकला, तर दोन निळ्या टिका येतात अन् पुढं काहीच येत नाही. गिरणीत सही करण्यापलीकडं हाताले आता लिहायची सवय राहिली नाही, दहा ओळीतच अंगठा दुखाले लागला. तरी लिहितो. तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी, तुमच्या घरामागच्या, वावरात जाणाऱ्या पांदणीतून एक बुढा खांद्यावर सायकल घेऊन, टाचेपासून टाळूपर्यंत चिखलानं भरलेला, चार वेळा गेला, अन् तो तुमचा इवाई होता काय असं गावातले लोक तुमाले अजूनही विचारतात, असं माह्या कानावर आलं. तो मीच होतो. याचा खुलासा तुमाले मिळाला पाहिजे.

त्याचं असं झालं. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत आमच्या कापड गिरणीत क्वालिटीचे अनुप साहेब आहेत. चाळिशी गाठली, पोट सुटलं, डॉक्टरनं साखर सांगितली अन् तेव्हापासून माणूस सायकलीच्या नादी लागला. सकाळी पाचले उठून बडनेऱ्यापर्यंत जाते अन् दिवसभर सगळ्यांना सांगत फिरते. मी एकोणीसशे एक्याण्णवपासून रोज सायकलनंच ड्युटीवर येतो, पण मले कोणी विचारलं नाही. तर एक दिवस कँटीनमध्ये साहेब सांगाले लागले, का सायक्लोक्रॉस नावाची शर्यत असते. रस्ता सोडून वावरातून, चिखलातून, नाल्यातून सायकल चालवाची. जिथं चालत नाही तिथं उतराचं अन् खांद्यावर घेऊन पळाचं. वाटंत मुद्दाम लाकडाच्या फळ्या आडव्या लावतात. विलायतेत लाखो लोक पाहाले येतात. मी म्हणलं, साहेब, सातवीत असताना मी पावसाळाभर असाच शाळेत जात होतो, पाहाले कोणी आलं नाही. सगळे हसले. मी काही हसलो नाही, खरंच सांगत होतो.

मंग त्याईनं शर्यतीची जागा सांगितली. तेल्हाऱ्याच्या अलीकडं, अन् तुमच्या गावाचं नाव घेतलं. माह्या हातातला चहा हातातच राहिला.

आता आपल्यात काय झालं ते तुमाले सांगायची गरज नाही, तरी सांगतो, कारण मनात त्याची इतक्यांदा उजळणी केली का मले पाठ झालं. लग्नात मांडवात माईकवर नावं घेऊन आमी तुमच्या सोयऱ्यांना दुपट्टा-टोपी देऊन राहिलो होतो. तुमचे मोठे जवाई किसनराव, त्याईचं नाव राहिलं. ते मांडवाच्या मागं गादीवर झोपले होते. जागे झाले तेव्हा टोप्या वाटून झाल्या होत्या. मोठ्या जवायाचा मान राहून गेला म्हणून तुमी भरल्या ताटावरून उठले. मी म्हणलं, एका टोपीसाठी पोरीच्या लग्नात असं होत असन तर मी काही तुमच्या दाराची पायरी चढत नाही. तुमी म्हणलं, बोलावल्याबिगर चढूही नका. दोन वाक्यं झाली. त्यावर आपण दोघांनी चौदा महिने काढले.

पोरीले मी फोनवर पाहतो. पण फोनात माणूस गळ्यापर्यंतच दिसते. मले पाहाचं होतं का ती चालते कशी, पायावर सूज आहे काय, उठता-बसता कमरेले हात लावते काय. बापाले हे कोणाले विचारता येत नाही. मंग मी असा हिशोब केला, का शर्यत तुमच्या गावात आहे, तुमच्या दारात नाही. पांदण सरकारची. सरकारच्या पांदणीतून माणूस सायकल घेऊन गेला तर त्यानं कोणाची पायरी चढली असं होत नाही. शपथही राहते अन् पोरगीही दिसते. दुसऱ्या दिवशी मी अनुप साहेबाले म्हणलं, माहं नाव टाका. साहेबानं मले मिठीच मारली. त्याले वाटलं मले छंद लागला.

घरी सांगितलं का कंपनीच्या कामानं अकोल्याले जाणं आहे. पण मी दोन दिवस सायकलीच्या चेनले ऑइल टाकत बसलो, ते पाहून वच्छला म्हणाली, "अकोल्याले सायकलनं चालले काय?" मंग सांगावंच लागलं. मले वाटलं हसन, नाहीतर रागावन. ती उठली अन् डिंक तळाले घेतला. शनिवार संध्याकाळपर्यंत डिंकाचे लाडू, लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी, जुन्या लुगड्याची मऊ गोधडी अन् हिरवं पातळ, अशी सात किलोची पिशवी तयार. म्हणलं, बाई, शर्यत आहे, पिशवी कशी नेऊ? तर म्हणे, "पोरीच्या गावात रिकाम्या हातानं जाते कोणी?" मंग पिशवी न्याचीच ठरली. पावसाळ्यात काळ्या मातीत जाचं तर सायकलीचे मडगार्ड काढून ठेवाचे असतात, नाहीतर त्यात चिखलाचा गारा भरते, हे मले माह्या बापानं शिकवलं. पण माह्या सायकलीचं कॅरिअर अन् मडगार्ड एकाच नटावर आहे. मडगार्ड काढलं तर कॅरिअर निघते, कॅरिअर निघालं तर पिशवी कुठं बांधू? मडगार्ड ठेवलं. पुढं जे झालं ते त्या नटानं झालं.

साहेबाच्या गाडीच्या टपावर सायकल बांधून मैदानावर पोचलो तर सगळ्यांच्या सायकली एका बोटानं उचलतील अशा. माही एकवीस किलोची, पिशवी वेगळी. अनुप साहेबानं मले तंग बनियन अन् आखूड चड्डी दिली होती. चड्डी मी परत केली. इवायाच्या गावात मांड्या उघड्या टाकून फिराले अजून माही मती गेली नाही. फुलपँटच्या पायाले रबर लावले, बनियन सदऱ्यावरून घातलं, वरून हेल्मेट. आरशात पाहायची सोय नव्हती ते बरं झालं. पन्नाशीच्या वरच्या गटात दोघंच होतो. दुसरे अकोल्याचे रिटायर ढोराचे डॉक्टर, ते आभाळ पाहून घरूनच निघाले नाही. शहाणा माणूस.

वाट आखणारे लोक पुण्याचे. ते गुरुवारी आले तेव्हा पांदण कोरडी ठक्क होती. त्याईनं फिती बांधल्या, बाण लावले, फोटो काढले. शनिवारी पाणी आलं. आता काळ्या मातीत पाणी पडल्यावर चाक घालाचं नसते हे आपल्याकडं रांगत्या लेकराले समजते, पण नकाशावर मातीचा रंग दाखवत नाहीत. शिट्टी झाली अन् एकतीस जण धडाधडा निघाले. मी त्याईले जाऊ दिलं. दोनशे पावलांवर गाठलं. सगळे उभे. चाकं कुठं गेली ते दिसत नव्हतं, नुसते मातीचे गोळे. एक डॉक्टरबाई मले विचारते, "काका, हे निघतं कसं?" म्हणलं, निघत नाही बाई, वाळल्यावर आपोआप पडते. तिनं सायकल खांद्यावर घेतली, मंग सगळ्यांनी घेतली, अन् अशी ती एकतीस माणसांची दिंडी सायकलींना खांदा देऊन चालाले लागली. माही सायकल बत्तीसावी.

फळ्यांचं सांगाचं राहिलं. बाकीचे फळी आली का उडी मारून पार. मी फळी आली का थांबत होतो, स्टँड लावत होतो, पिशवीची गाठ पाहत होतो, स्वतः पलीकडं जाऊन मंग सायकल उचलून घेत होतो. बरणी काचेची होती. पंच शिट्टी वाजवून म्हणे, काका, स्टँड लावता येत नाही. म्हणलं, नियमात लिहिलं आहे काय? त्यानं कागद पाहिला. लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या चकरेत तुमच्या मागच्या अंगणात कोणी नव्हतं. एक वासरू अन् दोरीवर कपडे. त्यात पौर्णिमाचा निळा गाऊन होता, तो मी ओळखला, लग्नाआधी वच्छलानं घेतलेला. दुसऱ्या चकरेत ती अंगणाच्या काटेरी कुपाटीजवळ उभी होती. कोणीतरी सांगितलं असन का चिखलात एक म्हातारा पिशवी घेऊन फिरून राहिला, अन् पोरीनं लगेच बाप ओळखला. "बाबा" म्हणाली, बस, अन् कुपाटीच्या कडेकडेनं माह्यासोबत चालाले लागली, ती आतून, मी बाहेरून. मी पाहून घेतलं. चाल चांगली आहे. पायावर सूज आहे. एकदा कमरेले हात लावला. (पौर्णिमा, रात्री पायाखाली उशी घेत जा. मीठ कमी खा. तुह्या आजीचेही पाय असेच सुजत होते, घाबरू नको.) ती म्हणाली, थांबा ना बाबा. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर रडलो असतो, अन् कडेले अॅम्ब्युलन्स उभी होती, त्याईनं मले उचलून नेलं असतं.

तिसऱ्या चकरेत शकुनबाई पाण्याचा तांब्या घेऊन कुपाटीशी आल्या. त्या म्हणाल्या, "इवाईबुवा, हे काय आरंभलं?" म्हणलं, सायक्लोक्रॉस. त्या म्हणाल्या, "कोण्या डॉक्टरनं सांगितलं?" मी अख्खा तांब्या प्यालो. तोवर पुढचे चार जण एक चकर जास्तीची मारून मागून पुन्हा पुढं गेले. शकुनबाईंना माहा नमस्कार सांगा, त्या दिवशी तोंडातून निघाला नाही.

चौथ्या चकरेत मी तुमच्या गोठ्यामागं फसलो. मडगार्डात गारा असा भरला का चाक हलेना. खांद्यावर घेतो म्हणलं तर खांदा वर होईना. बोटानं माती उकरत मी तिथंच बसलो. खुशालराव, मी इतका थकलो होतो का तिथं कोणी पोतं टाकून दिलं असतं तर झोपलो असतो. अन् तुमी गोठ्यातून निघाले. हातात तुरीची वाळली तुराटी. मले वाटलं हाकलाले आले. तुमी उकिडवे बसले, तुराटीनं मडगार्डाच्या आतून गारा काढाले लागले. एक बाजू झाली, दुसरी केली. चाक फिरवून पाहिलं, पुन्हा उकरलं. दहा मिनिटं तरी झाली असतील. तुमच्या धोतराले चिखल लागला. चौदा महिन्यांनी आपण हाताच्या अंतरावर बसलो होतो, अन् मले बोलाचं होतं. मनात लय होतं. अन् माह्या तोंडातून काय निघालं, तर "मागचा ब्रेक घासते". तुमी म्हणलं, "हं." ब्रेकही सैल करून दिला. मी सायकल घेतली अन् निघून गेलो. मागं वळूनही पाहिलं नाही. याची मले लाज वाटते.

शेवटाले पोचलो तेव्हा मंडपवाला कनाती गुंडाळत होता. तुमचा विपुल, म्हणजे आमचे जवाईबापू, शेवटच्या रेघेवर झेंडा घेऊन उभे होते. झेंडा दाखवावा का सासऱ्याच्या पाया पडावं हे त्याईले सुचेना, ते झेंडा बगलेत धरून पाया पडले. पन्नाशीच्या वरच्या गटात मी पहिला आलो. शेवटलाही मीच. कप मिळाला. तो कँटीनमध्ये ठेवला आहे, लोक त्यात चमचे ठेवतात. अन् पिशवी? पिशवी कॅरिअरवर जशीच्या तशी अमरावतीले परत आली. जिच्यासाठी मडगार्ड ठेवलं तीच द्याची विसरलो. वच्छलानं दार उघडलं, आधी कॅरिअरकडं पाहिलं, मंग माह्याकडं. तीन दिवस ती माह्याशी पिण्याच्या पाण्यापुरतं बोलली.

आता जे त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं ते बोलतो. मी सगळीकडं सांगत फिरलो का टोपीची यादी मांडववाल्यानं चुकवली. ते खोटं आहे. यादी माह्या अक्षरात होती. किसनरावांचं नाव तिसरं होतं. मले ते झोपलेले दिसले. पहाटे चारपासून मी पायावर उभा होतो, टाचा फुटल्या होत्या, मले वाटलं, झोपलेल्या माणसाले काय उठवाचं, आपलेच आहेत, समजून घेतील. मोठ्या जवायाले उठवून मान द्याले पाहिजे होता. चूक माही. तुमी ताटावरून उठले ते बरोबर केलं असं मी म्हणत नाही, पण चूक आधी माही. या अबोल्याचा मले आता कंटाळा आला आहे, खुशालराव. गिरणीतून येतो, जेवतो, अन् तुमच्याशी मनात भांडत बसतो. तुमी समोर नसता म्हणून नेहमी मीच जिंकतो, त्यातही काही मजा राहिली नाही.

तर विनंती एवढीच, का पहिलं बाळंतपण माहेरी असते ही आपली जुनी रीत आहे. आठवा संपायच्या आत पौर्णिमाले अमरावतीले धाडावं. गाडी मी करतो. (पौर्णिमा, हे वाचून झाल्यावर ते नाही म्हणाले तर तू माह्या बाजूनं एक शब्द बोलू नको. तुले त्या घरात राहाचं आहे.)

आपला इवाई,
मोतीराम

ता. क. मंगळवार. हे पत्र वच्छलानं वाचलं, कंसासकट. ती मले म्हणते, एवढं शिकूनसवरून तुमाले अक्कल नाही. पोरीचे पाय सुजले हे स्वतः लिहिता अन् तिलेच सव्वाशे किलोमीटर त्या खड्ड्यांतून बोलावता. तिनं सकाळी पौर्णिमाले फोन केला होता. डॉक्टरनं तिले प्रवास नको सांगितला आहे, अन् हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त दोन बुढे सोडून. तेव्हा धाडा म्हणून जे लिहिलं ते खोडलं असं समजा. कागद पुन्हा लिहाले अंगठा तयार नाही.

आणखी एक. बुधवार, एसटीत लिहून राहिलो, अक्षर सांभाळून घ्या. वच्छला मले म्हणते, पायरीची शपथ तुमी घेतली, मी नाही. बाळंतपणाले ती तुमच्याकडंच येऊन राहते. तिनं तुमाले विचारलं नाही, मलेही विचारलं नाही. ट्रंक घेतली, घराले कुलूप लावलं, किल्ली कमरेले खोचली. हे पत्र तीच तुमच्या घरी आणून देईन. तिले चहात साखर कमी लागते, अन् ती पाहुण्यासारखी बसणार नाही, सकाळी झाडझूडही करन, तर शकुनबाईंनी वाईट वाटून घेऊ नये.

शेवटलं. मी तिच्यासोबतच आलो, पण तुमच्या गावच्या फाट्यावर उतरून तिथंच थांबलो आहे. ट्रंक घेऊन तिले ऑटोत बसवून देतो अन् हा कागद तिच्या हाती देतो. पिंपळाखाली टपरी आहे, तिच्या बाकड्यावर बसतो. तुमी डोळ्यावर पट्टी घेऊन उन्हात यावं असं मी म्हणत नाही. जवाईबापूंना पाठवा, नाहीतर कोणाच्याही हाती निरोप धाडा, पण बोलावणं तुमचंच पाहिजे. लांबलचक नको, नुसतं 'या' म्हणलं तरी पुरते. अमरावतीकडं जाणारी शेवटली गाडी साडेपाचले आहे असं टपरीवाला म्हणते. तिच्यात मी बसणार नाही, हे तेवढं ध्यानात घ्या.